पुलावरचे कागद

५ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या ज्येष्ठांच्या शब्दखेळांच्या गटात नवे गृहस्थ आले आज! वाचनालयाच्या वरच्या खोलीत खुर्च्या पुरेनात, मी स्टुलावर बसले. चाळीस वर्षं ट्रक चालवला म्हणे. सून सोडायला आली होती — औषधाच्या दुकानात काम करते, अर्धा डोळा घड्याळावर. "बाबांचे शब्द निसटतात हो. बोलता बोलता मधेच थांबतात."

शेवटच्या अक्षरावरून शब्द सांगायचा खेळ त्यांना जमेना. 'ण' आल्यावर शिंपीणबाईंनी "णवरा!" म्हणून सगळ्यांना हसवलं. हे ढिम्म. मग जोडीचे शब्द घेतले. मी एक शब्द म्हणायचा, समोरच्याने सुचेल तो. त्यात मात्र पटपट! दिवा — वात. सुई — शिंपीणबाईंकडे बोट.

पूल — कागद.

"पुलाचा नि कागदाचा काय संबंध?" पोस्टमनकाकांनी विचारलं. पुन्हा हशा.

मी पुढचा शब्दच विसरले.

८ फेब्रुवारी, गुरुवार

मुद्दाम पुन्हा म्हटलं. पूल — कागद. वारा — कागद. "खूप कागद. पांढरे. उडत होते."

९ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. लिहूनच टाकते.

चौतीस वर्षं झाली. छापखान्याची मुद्रितं तपासायचं काम मी घरी आणायचे. त्या दिवशी पहाटेच गठ्ठा पोचवायचा होता आणि मला पांघरुणातून निघवेना. धाकट्या भावाला म्हटलं, "जा ना रे, तेवढं टाकून ये." कुरकुरला. गेला. पुलावर कोणत्या तरी गाडीने उडवलं. गाडी सापडली नाही, माणूसही नाही. ओळख पटवायला वडील गेले. परत आल्यावर एकच वाक्य — "जागीच गेला, त्याला काही कळलं नसेल." त्यानंतर तो विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. कठड्याला अडकलेली माझी पानं मात्र गोळा करून आणली होती. एकेक.

कागदांचं पेपरात आलं नव्हतं. ती बातमी मला पाठ आहे.

आणि तो अजून डोळ्यांपुढे येतो. अंगणातून सायकल काढताना वळून बघतो. नुसता बघतो.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज घरूनच यादी करून नेली. सुवाच्य अक्षरात! त्यांचीच पाळी पुन्हा पुन्हा घेतली.

ट्रक — माझा. ब्रेक — उशीर. पळ — पळालो.

इतकं सरळ. चौतीस वर्षं शोधलेलं, समोरच्या खुर्चीत, स्वेटरचं बटण चुकलेलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली तरी मी थांबले नाही. शेवटी शिंपीणबाई कडाडल्या, "अहो बाई, खेळ घेताय की उलटतपासणी?"

मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू? बरं वाटत होतं.

सून न्यायला आली तेव्हा सगळं ओठांवर आलं होतं. ती आधी बोलली — "तुमच्याकडून आले की चार घास नीट खातात." गिळलं मी.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

गेलेच नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. पोलिसांकडे जाऊन तरी काय सांगू? पूल म्हटलं की हे कागद म्हणतात, धरा यांना?

१९ फेब्रुवारी, सोमवार

सगळे गेले. सुनेला यायला उशीर. खिडकीपाशी आम्ही दोघंच. यादी नव्हती, सुचेल ते म्हणत गेले. आभाळ. रस्ता. डोकं.

डोकं — "मांडीवर."

कुणाच्या, हे विचारायचं धैर्य होईना. पाणी, म्हटलं.

"मागितलं."

"दिलंत?"

हा खेळातला शब्द नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हातांची ओंजळ केली, रिकामीच, आणि हळूच पुढे धरली. कुणाला तरी पाजावं तशी. मग शब्द आले, एकेक ओढून काढल्यासारखे — "पोरगा. जाईपर्यंत बसलो. मग पळालो."

म्हणजे जागीच नाही गेला! वडिलांना ठाऊक होतं का? तहानलेला होता. पण एकटा नव्हता. हे दोन्ही एकदम कसं सोसायचं?

त्यांच्या स्वेटरची बटणं नीट लावून दिली. का, ते माहीत नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

त्यांची सून माझ्या घरी आली. बाबांची वाचा सकाळपासून गेलीय. एकही शब्द नाही, पण चेहरा शांत आहे म्हणाली. मग पर्समधून कात्रण काढलं — तीच बातमी, खाली भावाचं आणि मागे राहिलेली बहीण म्हणून माझं नाव. "गेलं वर्षभर एकच घोकत होते, सगळं विसरायच्या आत तिला सांगायचंय. वाचनालयाच्या फळ्यावर तुमचं नाव वाचलं आणि मला हाताला धरून आत घेऊन आले. ताई, सांगितलं का हो त्यांनी?"

"सांगितलं," म्हटलं.