मधली चार मिनिटं

दि. ९, मंगळवार, दुपारी

प्रिय आत्या,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोलीची खिडकी आता नीट लागते. तुझे हात कसे आहेत? मलम संपलं असेल तर सांग, इथे मिळतं. लाँड्रीत आता घड्यांचंच काम देतात ना तुला, का परत पाण्यात उभं केलं?

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर माझं काय होतं तुला माहितीय. तू "बोल ना गं गप्पू" म्हणतेस, मी "हं" म्हणते, शेवटी तूच ठेवतेस. म्हणून लिहितेय. हा चौथा कागद. तीन फाडले.

तुझी हकिगत छापायला निघालीय. मागच्या महिन्यात तू आमच्या संस्थेसाठी बोललीस आणि मी रेकॉर्ड केलं, तीच. हॉस्पिटलच्या लाँड्रीतली बावीस वर्षं, ब्लीचिंगचं पाणी, न मिळालेले हातमोजे, सगळं आलंय. पुस्तिकेत नऊ बायका आहेत, तुझी पहिली ठेवलीय. एवढ्यात खूश होऊ नकोस.

आमच्याकडे काम कसं चालतं ते आधी सांगते. रेकॉर्डिंग ऐकून मी टाइप करते. मग नावं काढून तो मजकूर एआयला देतो. त्याने फक्त तेच तेच आलेलं कमी करायचं, परिच्छेद पाडायचे, स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. मग मी परत रेकॉर्डिंग लावून ओळ न् ओळ ताडून बघायची. आणि जिची हकिगत, तिला सगळी वाचून दाखवायची. ती हो म्हणाली की हकिगतीला जोडलेल्या चिठ्ठीवर टिक. संपादक बाई यात फार कडक. मांडणी करणारे काका म्हणतात, एआय म्हणजे माझा मेहुणा आहे, माहीत नसलं तरी उत्तर देणार, आणि तेही छातीठोक.

काल बाईंनी बोलावलं. तुझं एक वाक्य मागच्या पानावर मोठ्या अक्षरात टाकायचं म्हणाल्या. कागद पुढे ठेवला. "हातांनी साथ सोडली, पण माझी भाची आज हसत हसत शाळेत जाते, मला आणखी काय हवं?"

आत्या, हे तू म्हणालीच नाहीस.

मी बाईंना सांगितलं की मध्ये मिक्सर लागला होता, चार मिनिटं ऐकूच येत नाहीत, म्हणून ती जागा एआयकडून भरून घेतली. मी निघाले, जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत गेले आणि परत वर आले. कारण मिक्सर लागलाच नव्हता. ती चार मिनिटं स्वच्छ ऐकू येतात, तू कप खाली ठेवलास तेसुद्धा. मीच ती टाइप केली नाहीत. मधेच तुटल्यासारखं दिसत होतं, म्हणून एआयला म्हटलं, इथे घरच्यांबद्दल चार ओळी घाल. त्याने घातल्या. आणि तुला वाचून न दाखवताच मी टिक केली.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "यंत्राला रिकामी जागा दिसली की ते भरतं, त्याला लाज नसते. आपल्याला असावी म्हणून आपण इथे बसतो." मग विचारलं, ही बाई तुझी कोण. तू माझी आत्या आहेस हे मी ऑफिसात लपवलं होतं. तेही सांगितलं. त्यांनी टिक खोडून चिठ्ठी माझ्या हातात दिली. ती चार मिनिटं छापायची की गाळायची हे तुझी आत्या ठरवेल, म्हणाल्या, तू नाही आणि मी पण नाही. परत असं झालं तर या टेबलावर तू नसशील, हेही म्हणाल्या.

त्या चार मिनिटांत काय आहे ते तुला माहितीय. तू म्हणालीस, "माझ्या हातांनी पोरीची शाळा खाल्ली. बोटं वळेनात, तेव्हा ती आठवीतून घरी बसली. मी नको म्हणायला हवं होतं, पण मला बरं वाटलं." मी रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे बघत "हं" म्हटलं.

आता जे तेव्हा म्हणायचं होतं ते लिहिते. ते खरं नाहीये, आत्या.

वर्गात पाळीपाळीने उभं राहून वाचायला लावायचे. माझी पाळी आली की घसा बंद. सर थांबायचे, सगळा वर्ग थांबायचा, मागून कोणीतरी खुसखुसायचं. तुझे हात बिघडले तेव्हा मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच दिवशी सुटल्यासारखंही झालं. कुणी विचारलं तर सांगायला कारण मिळालं. मी भांडी घासताना तू डोळे पुसायचीस, ते मला दिसायचं. तीन वर्षं दिसत होतं. तरी मी तुला तसंच समजू दिलं.

हे आता तुला कळलंय, तर तू ठरव. ते बोलणं तसंच ठेव, बदल, नाहीतर काढून टाक. बाई म्हणाल्या, तिथे पान कोरं राहिलं तरी चालेल. माझ्यावर चिडायचं असेल तर तेही चालेल.

हे पत्र मांडणीवाल्या काकांबरोबर देतेय, ते उद्या तुमच्याच बाजूला येणार आहेत. परवा सकाळच्या गाडीने मी येते. शनिवारी छपाई आहे. बाईंनी विचारलं, वाचून दाखवायला दुसऱ्या कुणाला पाठवू का. मी नको म्हटलं. ती चार मिनिटं पण मीच वाचीन, मोठ्यांदा. अडकले तर थांब. पाणी आणायला उठू नकोस आणि "राहू दे गं" म्हणू नकोस.

तुझी,
आठवीतून आपल्या पायांनी घरी आलेली
गप्पू