काकूच्या शालीवरची लाळ

कळंब
८ नोव्हेंबर २०२४

चि. वृषालीस,
तात्याचे अ. उ. आशीर्वाद.

फोनवर माझा कान दगा देतो आणि अर्ध्यातच तुझी काकू फोन ओढून घेते, म्हणून आपला कागदच बरा. आधी हे वाच की काकू बरी आहे. दंडाला टाके पडलेत, मंचरला इंजेक्शनं चालू आहेत आणि जीभ पहिल्यासारखीच चालते. आता झालं काय ते सांगतो.

सोमवारी सकाळी ती गुरांना घास कापायला गेली. गारठा म्हणून शाल मानेभोवती गुंडाळलेली. उसाच्या कडेला वाकली आणि बिबट्यानं मागून झडप घातली. शालीचा बोळा त्याच्या तोंडात गेला म्हणून मान वाचली. दात दंडात रुतले. काकूनं अशी आरोळी ठोकली की विहिरीवर मला, या कानांना, ऐकू आली. पळत पोचलो तोवर जनावर उसात शिरलं होतं. मी पोरी, आयुष्यात इतका कधी भ्यालो नाही. ती उभी होती, हातात विळा, आणि मलाच म्हणाली की बसा जरा, तुम्हाला दम लागलाय.

वनखात्यानं पिंजरा लावला. काल पहाटे त्यात मादी अडकली. आख्खं गाव बघायला लोटलं. आपला गोरख तर पेटलाच आहे. आईवर हल्ला झालाय, त्याचं चुकतंय असंही नाही. ही परत सोडली तर नाशिक रस्ता अडवीन, असं त्यानं साहेबांच्या तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाले, हल्ला हिनंच केला का ते आधी तपासू. हीच असली तर जन्मभर पिंजऱ्यात. नसली तर वेगळा विचार. त्यांनी तिच्या तोंडातली लाळ कापसावर घेतली, काकूची फाटकी शाल पाकिटात घालून लाख लावली आणि सगळं तपासणीला पाठवलं. कुठं? तर तुमच्याच प्रयोगशाळेत.

तेव्हा एवढंच कर. लवकर बघ आणि हीच ती असं लिहून दे. गावाला झोप लागेल.

लाडू पाठवायचे होते, पण वळणारा हात गळ्यात बांधलाय. माया तेवढी पाठवतो, ती वाटेत फुटत नाही.

तुझा चुलता,
रखमाजी


हैदराबाद
१३ नोव्हेंबर २०२४

ती. तात्या आणि काकूस,
वृषालीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून मी जिन्यातच बसले. आईनं फोनवर 'थोडं खरचटलं' एवढंच सांगितलं होतं. काकू, तू इंजेक्शनं अर्धवट सोडू नकोस. दंड दुखायचा थांबला म्हणून मंचरची फेरी चुकवशील, तुला मी ओळखते.

आता तात्या, तुमचं काम. पाकीट आलं. वरचं नाव वाचलं आणि तसंच मंगलताईंच्या टेबलावर ठेवलं. घरच्या माणसाच्या प्रकरणाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. त्या माझ्याहून वरिष्ठ आहेत आणि त्यांना मीच सांगितलंय की अहवाल खात्याला जाईपर्यंत मला एक शब्द बोलू नका. तेव्हा 'हीच' म्हणून लिहिणं माझ्या हातात नाही, आणि असतं तरी मी तसं लिहिलं नसतं. रागावू नका.

उशीर लागेल तो का, तेही सांगते. आपल्याकडचे बिबटे एकमेकांचे सोयरे आहेत. जुन्नरच्या उसात जन्मायचं, आंबेगावच्या उसात वाढायचं, सगळी भावकीच. लाळेत डीएनएच्या ज्या खुणा आम्ही बघतो, त्या भावकीत पुष्कळशा सारख्या येतात. गावात एका आडनावाची शंभर घरं असली की पोस्टमनची जशी पंचाईत होते, तशीच ही. नुसतं आडनाव जुळलं म्हणून पत्र देऊन चालत नाही. कुठली खूण तिथल्या बिबट्यांत किती जणांकडे सापडते, ते आधी ठाऊक असावं लागतं.

ते ठाऊक करून घ्यायलाच मी गेल्या हिवाळ्यात आहुप्यापासून आपल्या बांधापर्यंत बिबट्यांची विष्ठा गोळा करत हिंडत होते. गोरखदादानं तेव्हा सगळ्या पाहुण्यांना सांगितलं होतं की एवढं शिकून आमची वृषाली शेण वेचते. त्याला सांगा, मंगलताई आज तेच शेण कामाला लावतायत.

पोरांना शाळेत एकटं पाठवू नका. उसाकडे जाताना मोठ्यानं बोलत जा. तात्या, तुम्हाला हे सांगायची गरज नाही, तुम्ही कुजबुजलात तरी शिनोलीला ऐकू जातं.

रागावलात तर रागाचंही पत्र पाठवा, पण पाठवा.

तुमची,
वृषाली


कळंब
१८ नोव्हेंबर २०२४

चि. वृषाले,
काकूचा तोंडभरून आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली, अक्षराला हसू नको. हात बी अजून धड उठत न्हाई. तात्या मंचरला गेलेत, तवर लिहिते. त्यांना यातलं सांगू नको.

तुझं पत्र वाचून तात्या दोन घास कमी जेवले. म्हणाले, नियम चांगला हाय पण आपल्याच पोरीनं आपल्यालाच दाखवायचा व्हता का. मग शेजारी जाऊन तोच नियम छाती फुगवून सांगून आले.

मला जे सांगायचं ते असं. ज्या दिशी ती धरली त्या दिशी मी पिंजऱ्यापाशी गेले व्हते. लोक दगडं मारत व्हती, साहेबांनी हाकललं. मी जवळून बघितलं. तिच्या आचळात दूध व्हतं गं. घरी आले, मला कायबी गोड लागंना. गोरखला बोलले तर तो म्हणाला, आई, तुला फाडली असती तिनं, आन तू तिचं दूध बघती.

दोन दिवसांनी गोरखच्याच उसाची तोड लागली. टोळीतल्या बायांना सरीत दोन बछडी घावली. मांजराएवढी, पार मलूल झालेली. ज्या गोरखनं रस्ता अडवायची भाषा केली, त्यानंच टोळी थांबवली, बछड्यांवर पाटी पालथी घातली आन साहेबांना फोन केला. कुणाला सांगितलं न्हाई, पर मी बघितलं. साहेबांनी बछडी जुन्नरला, धरलेले बिबटे ठेवत्यात तिथं, तिच्यापाशी नेली. ती त्यांना चाटायला लागली म्हणे.

आता समदी मला इचारतात, हीच व्हती का. तात्या म्हणतात, सांग हीच. अगं, मला काय ठावं? मी डोळे गच्च मिटले व्हते. त्या टायमाला मला निस्ता वास आला आन लई वजन पडलं अंगावर. मी हीच म्हणाले तर तीन जीव जल्मभर कोंडायचे. न्हाई म्हणाले आन तीच असली, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या म्हातारीला खाईल. मला रोज सपनात ती दिसती, कधी चावती, कधी पोरांला पाजती.

तुमच्या यंत्राला डोळे मिटायची सवय नसंल. तेवढं लवकर करा म्हणावं मंगलबाईंना.

पोटभर जेवत जा. आठवण काढत जा, उचकी लागली की मी समजंन.

तुझी काकू,
धोंडाबाई


हैदराबाद
१ डिसेंबर २०२४

ती. तात्या व ती. काकूस,
सा. न. वि. वि.

अहवाल काल खात्याकडे गेला आणि आज मंगलताईंनी मला तो वाचायला दिला. साहेब तुम्हाला सांगतीलच, पण माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहिते.

पिंजऱ्यातली मादी ती नव्हे. शालीवरची लाळ नराची आहे.

हे सरळ निघालं नाही. शालीवर काकूचं रक्तही होतं, ते वेगळं काढावं लागलं. पहिल्या तपासणीत थोड्याच खुणा वाचता आल्या, नर की मादी तेही कळलं नाही, आणि त्या इतक्या जुळल्या की मंगलताईंना वाटलं, हीच. पण आपल्याकडच्या बिबट्यांत त्या खुणा घरोघरी आहेत, हे माझ्या हिवाळ्यातल्या कामावरून त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी आणखी खुणा घेतल्या, पुन्हा तपासलं. आता प्रत्येक ठिकाणी निम्मं मादीशी जुळलं आणि निम्मं वेगळं निघालं. आई आणि लेकरात जुळतं तसं. हल्ला करणारा बहुधा तिचाच आधीच्या विणीतला, वेगळा झालेला मुलगा आहे.

तात्या, तुम्हाला हवं होतं ते उत्तर हे नाही. गावात लोक तुम्हाला बोलतील, की रखमाजीच्या पुतणीनंच बिबट्याला सोडवलं. मला त्याचं वाईट वाटतंय. पण ही मादी कोंडून गाव निर्धास्त झोपलं असतं आणि तो मोकळाच असता, याची मला जास्त भीती वाटत होती. पिंजरा उठवू देऊ नका. तो नर अजून तिथंच आहे.

काकू, तू डोळे मिटलेस हे बरंच केलंस. उघडे असते तर लोकांनी तुझ्याकडून काहीही वदवून घेतलं असतं. (तात्या, हे काय ते विचारू नका.)

मला माघारी ओढणारी माया अशीच ठेवा, पण जरा ढिली धरा.

तुमची,
वृषाली


कळंब
१४ जानेवारी २०२५

चि. वृषालीस,
तात्या आणि काकू दोघांचे आशीर्वाद, आणि तिळगूळ. गोड बोलायचा सण आहे म्हणून आजचा दिवस धरून लिहितोय.

उशीर झाला, कारण आधी मी रागात होतो. खोटं कशाला बोलू. साहेबांनी अहवाल वाचला तेव्हा मंदिरासमोर गाव जमलं होतं. कुणी म्हणालं, हैदराबादला बसून काय कळतंय. कुणी म्हणालं, रखमाजीच्या घरचीच वकील झाली बिबट्याची. मी मान खाली घालून बसलो.

मग काकू उठली. बायकांमधून पुढं आली, दंडाची पट्टी सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली आणि म्हणाली, "चावा मला घेतलाय. तुमच्यात कुणाला घेतलाय का? ज्यानं घेतला त्याला धरा. त्याच्या आईला काय धरता?"

पोरी, एक जण हसला, मग सगळेच हसले. गंमत नव्हती, पण महिनाभर छातीवर धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. गोरख उठून म्हणाला की पिंजरा आमच्याच बांधावर राहू द्या, मी राखतो. आणि मादीचं काय करायचं ते खात्यानं ठरवावं, आमची हरकत नाही.

तिला बछड्यांसकट सोडली. कुठं, ते साहेबांनी सांगितलं नाही, आणि बरंच केलं. मोबाईलवर चित्रण दाखवलं. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी ती बसूनच राहिली. मग बाहेर आली, एक बछडं तोंडात धरून झाडीत गेली. पुन्हा आली, दुसरं नेलं. काकूनं ते इतक्यांदा बघितलं की साहेबांच्या मोबाईलची बॅटरी संपली.

नर नाताळाच्या आधी अडकला. चांगला थोराड गडी. त्याची लाळ तुमच्याकडे आली होती, त्याचा निकाल परवा लागला. तोच. शालीवरचा तोच. तो आता जुन्नरला राहील. मंगलबाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की कळंबला त्यांचं एक घर आहे.

परवा बाजारात एक पाव्हणं विचारत होतं, तुमची पुतणी काय करती. मी सांगितलं, ती बिबट्यांची सोयरीक बघती. कुणाचा कोण लागतो ते तिला विचारा. ते म्हणालं, लई अवघड काम हाय राव. मी म्हणालो, आमच्या घराण्यात अवघडच कामं करतात.

एक राहिलं. काकू आज सकाळी घास कापायला गेली. हल्ल्यानंतर पहिल्यांदाच. मी येतो म्हणालो, गोरख येतो म्हणाला, तिनं दोघांनाही सोबत घेतलं पण शेजारच्या उभ्या उसाच्या कडेला पोचल्यावर थांबवलं. एकटीच चार पावलं पुढं गेली, घसा खाकरला आणि उसाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "बाई, मी आलेय. पोरांना घेऊन जरा पल्याड हो. माझं झालं की मी जाते."

मग कंबर वाकवून कापायला लागली. आम्ही दोघं बांधावर उभे राहून मोठमोठ्यानं गप्पा मारत होतो.

ऊस तुटला की खोडवा फुटतो, तसा तुझा लोभ दर साली फुटत राहो.

तुझा,
रखमाजी तात्या