गोळीआडचा ताप

२ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. गुडघा बदलून बारा दिवस झाले. तुझा तो लाडका सीआरपी, अंगातली सूज सांगणारा रक्ताचा आकडा, तिसऱ्या दिवशी १६० होता, परवा ४०. घरी आल्यापासून अंग कसकसतं, पण गोळी घेतली की ठणठणीत. यांना सांगितलेलं नाही. लगेच पुन्हा त्या कॉटवर नेऊन टाकतील. गिऱ्हाइकांचे ब्लाउज खोळंबलेत. तू डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

माया आहे तशी असू दे.
चिमणी

७ मार्च

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. पाच दिवस वाया. गोळी ताप झाकते, सीआरपी नाही. बत्तीस वर्षं लॅबमध्ये काढली, एवढं कळतं. उतरलेला आकडा पुन्हा चढला तर गुडघ्यात काहीतरी शिजतंय. आजच रक्त दे, जखम दाखव. तुझ्या नवऱ्याला फोन लावला. नुसती घरघर ऐकू आली. तुझी वहिनी अंथरुणाला खिळलेली, निघता येत नाही.

रागावलो, तरी तुझाच,
दादा

१३ मार्च

ती. दादांस, सा. न. वि. वि.

पत्र मीच फोडलं. नऊ तारखेपासून ती हॉस्पिटलात आहे. ताप १०३, सीआरपी २१०. सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं, गढूळ निघालं. काल गुडघा उघडून धुतला. आज आकडा २४०. ती विचारते, दादाला विचारा, हे बरं की वाईट? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिच्या कात्रीच्या डब्यात गोळ्यांची चार रिकामी पाकिटं सापडली. रोज तिच्या शेजारी बसून जेवत होतो मी, दादा.

उत्तराची वाट पाहतो.
आपला मेहुणा

१८ मार्च

चि. चिमणीस, अ. आ.

ऑपरेशननंतर आकडा दोन-तीन दिवस चढतोच. २४० धुण्यानं झाला की जंतूंनी, ते त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. हे पत्र पोचेल तेव्हा तुला उत्तर कळलेलं असेल, मला नसेल.

दोन ओळी तरी लिही.
दादा

९ एप्रिल

ती. दादास, शि. सा. न.

जंतूंनीच. नवा सांधा काढला. आत औषधाचा ठोकळा बसवलाय. पुन्हा सांधा बसवायचं ऑपरेशन कधी, ते आकडा ठरवणार. काल ३८. मशीनचं पायडल मारता येईल का, विचारलं तर सर्जननी केसपेपरवर पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. ताप नाही, तरी हे दर तासाला माझ्या कपाळावर हात ठेवतात. बिचाऱ्यांच्या हाताला काही कळत नाही. पण हात काढत नाहीत.

वहिनीला नमस्कार, तुला जवळ घेऊन,
चिमणी