मातीत खोचलेली तार

सोमवार, ६ फेब्रुवारी १९६७
बोईसरला उतरलो आणि खाऱ्या वाऱ्याने आधी माझी टोपीच उडवली. म्हटलं, झालं स्वागत! उमरोळीत खोली मिळाली. घरमालकीण साखरबाईंनी पहिल्याच जेवणाला बोंबील वाढून साताऱ्याच्या वायरमनची परीक्षा घेतली. मी पुन्हा मागून घेतले.

काम एका कंत्राटदाराच्या तीन मजली गोदामात. मालाची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे, ती सुरू करायची. पाट्या वाहणाऱ्या बायका लिफ्टच्या पिंजऱ्याला हातही लावत नाहीत, जिन्याने चढतात. मुकादम महादू म्हणाला, भुताला भितात. मी म्हणालो, भूत भेटलं तर त्यालाही माझं लायसन दाखवीन.

मंगळवार, ७ फेब्रुवारी
भूत सापडलं. केबल घासून उघडी पडली होती आणि पिंजऱ्याला टेकली होती. अशी वीज जमिनीत उतरावी म्हणून तर अर्थिंगची तार असते. तिला तांब्याचा पत्रा जोडून तो कोळसा-मिठात पुरायचा आणि खड्ड्याला रोज पाणी पाजायचं. इथे ती भिंतीमागच्या भुसभुशीत मातीत नुसती खोचलेली! ही काय चेष्टा आहे?

कुदळ उचलली तोच पाट्या वाहणाऱ्या नवसीने दांडा धरला. तिचा नवरा सुका दिवाळीत त्या पिंजऱ्याला चिकटला होता. जिवंत सुटला. पण माती अंगातली वीज ओढून घेते म्हणून महादूने त्याला याच खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरायला लावलं. सुका पाणी मागत होता. महादू म्हणत राहिला, पाणी देऊ नका, वीज चढेल. हा बोलत नाही, वीज बोलतेय. संध्याकाळी सुका गप्प झाला, कायमचा. त्याचं प्रेत काढून गावी नेलं, आणि खड्डा आयता मिळाला म्हणून महादूने त्यातच तार खोचली.

“मातीनं वीज नाय घेतली,” नवसी म्हणाली. “माणूस घेतला.”

मला रडू आलं आणि रडण्याहून जास्त संताप आला. आता या लिफ्टने कुणी मरणार नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी
केबल बदलली. गोदामाच्या दुसऱ्या बाजूला नवा खड्डा खणून पत्रा पुरला, तार त्याला जोडली, पाणी पाजलं. सगळं चोख. मग मेन स्विच बंद करून पिंजऱ्याला हात लावला, तर मुंग्या आल्या. मागे जाऊन पाहिलं. तार पुन्हा जुन्या खड्ड्यात होती. महादूची गचांडी धरली. तो आईची शपथ घेतो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

शुक्रवार, १० फेब्रुवारी
तार काढून आणली. दुपारी परत तिथेच. फ्यूज काढून ठेवले तरी पिंजऱ्याला लावलेला टेस्टचा दिवा लागतो. वीज खालून वर येते आहे. जुन्या खड्ड्याची माती कोरडी ठणठणीत, भेगा पडलेली. भर उन्हात त्या मातीवर उभा राहून ओरडलो की मी घाबरत नाही. घाबरलो होतो. तरी हललो नाही.

शनिवार, ११ फेब्रुवारी
कंत्राटदार शेटचा हुकूम आला. सोमवारी दुपारी लिफ्ट सुरू, पहिल्या खेपेला पाट्यांसह नवसी आणि तिच्यासोबतच्या बायका. मी नाही म्हणालो. महादू म्हणाला, दुसरा वायरमन आणू. आण म्हणावं. पिंजऱ्यात आधी मी बसेन. मला ओढून काढल्याशिवाय कुणी चढणार नाही.

सोमवार, १३ फेब्रुवारी
दुपार. वरच्या मजल्यावर, पिंजऱ्यात बसून लिहितोय. फ्यूज माझ्या खिशात. पाण्याचा तांब्या जवळ. महादू खालून शिव्या घालतोय. घाल.

दार आपोआप लागलं —

खाली चाललोय. फ्यूज खिशातच आहेत, चाचपले. महादूचं तोंड दिसलं, वर गेलं. नवसी ओरडतेय. तळमजला मागे पडला, तरी लिफ्ट —

गजांपलीकडे माती. चारी बाजूंनी. तरी लिहिणार.

मातीतून डोकं बाहेर आलंय. गळ्यापर्यंत. ओठ फुटलेत. पाणी मागतोय —

देणार. काय व्हायचं ते होऊ दे. तांब्या गजांतून पुढे केलाय. नवसे, ऐक, महादू खोटं बोलला, ही वीज बोलत नाहीये, माणूस बो