पेटीची आतली मापं

सोमवार, ३ मार्च

वृद्धाश्रमाचं पत्र आलं. खाटेखाली मावेल अशी एकच पेटी आणायची. एकच! लेकाने लगेच माळ्यावरून सासूबाईंची लाकडी पेटी काढली, वरून रंगही फासला. किती ती हौस आईला पोचवायची!

"साठ बाय चाळीस बाय चाळीस. शहाण्णव लिटर, आई! भरपूर झालं."

एकतीस वर्षं पॅकिंग खात्यात खोकी भरली मी. आणि हा मला लिटर शिकवतोय.

मंगळवार, ४ मार्च

फूटपट्टी घेऊन बसले. बाहेरून मापं घेतलीत मेल्याने! फळी दोन सेंटिमीटर जाड. आतून छप्पन्न बाय छत्तीस बाय छत्तीस — ७२,५७६ घनसेंटिमीटर. म्हणजे जेमतेम साडेबाहत्तर लिटर. पाव पेटी लाकडानेच खाल्ली. खात्यात नव्या पोरींना पहिल्याच दिवशी बजावायचे मी, माप आतून घ्या.

गुरुवार, ६ मार्च

कपडे तीस लिटर, रजई वीस, ह्यांचा रेडिओ वीस. झाले सत्तर. लेकाच्या हिशेबाने त्र्याहत्तर टक्के — "अजून सत्तावीस टक्के रिकामी आहे, आई!" माझ्या हिशेबाने साडेशहाण्णव. कागदावर बसतं, पण झाकण लागत नाही. रेडिओचा कोपरा वर राहतो.

सून म्हणाली, "घड्या नीट घाला ना, मावेल सगळं."

आता रेडिओची घडी घालू?

शुक्रवार, ७ मार्च

रेडिओ इथेच राहणार. आजारपणात ह्यांच्या उशाशी होता तो. खूप रडले.

शनिवार, ८ मार्च

सासूबाईही ह्याच पेटीबरोबर निमूट वृद्धाश्रमात गेल्या होत्या; परत आली ती फक्त पेटी. "मावत नाही गं," एवढंच म्हणत राहिल्या. त्यांचं हाताचं शिवणयंत्र इथेच राहिलं. पुढे मीच वापरलं. त्या भांडल्या नाहीत, पण मी गप्प बसणार नाही! उद्या लेकासमोर पेटी उपडी करते आणि फूटपट्टी हातात देते त्याच्या. कळू दे, कोणाला फसवतोय ते.

रविवार, ९ मार्च

उपडी केली. लेक म्हणाला, "मी कुठे मोजली? खाली लिहिलंय तेच वाचलं."

तळाला रंग नव्हता. पेन्सिलीने लिहिलेलं — ६० × ४० × ४०. ९६ लिटर. भरपूर.

अक्षर माझं.

सासूबाईंना मीच वाचून दाखवलं होतं. घड्या नीट घाला, हेही मीच म्हणाले होते. तेव्हा खात्यात अकरा वर्षं झाली होती मला. माप आतून घ्यायचं असतं, हे मला ठाऊक होतं.