आयटिस म्हणजे सूज

३ फेब्रुवारी १९५४

आज दादाच्या दवाखान्यात दोन पेशंट. त्यातला एक पत्ता विचारायला आला होता!

दुसरी भामाबाई. बाजारात वालाच्या शेंगा विकते. घसा दुखत होता. दादानं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "घसा सुजलाय." ती उठलीच. "त्ये मना पन ठाव हाय. त्येच्यासाठी डागतर कशाला?" टोपली उचलून तडक दिनानाथ वैद्यांकडे! ते नाडी धरून संस्कृत बोलतात.

दादा म्हणाला, असंच चाललं तर पावसाळ्याआधी दवाखान्याला कुलूप. मुंबईला कुणाच्या तरी हाताखाली लागेल. आणि मी? मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटले. आपटेकर आडनाव सार्थ केलं!

४ फेब्रुवारी

दादाला विचारलं, घसा सुजण्याला इंग्रजीत काय म्हणतात? "फॅरिंजायटिस." मग तेच सांगायचं ना तिला! तर म्हणतो, "शुला, आयटिस म्हणजे नुसती सूज गं. पुढे जागेचं नाव, मागे आयटिस. आर्थरायटिस — सांधे. गॅस्ट्रायटिस — जठर. ब्राँकायटिस — श्वासाच्या नळ्या. बास."

म्हणजे मराठीत सांगितलं तर ठाऊक असलेलं, आणि इंग्रजीत सांगितलं की विद्या!

शाळेत इंग्रजी असं शेपटाकडून शिकवलं असतं तर मी पास झाले असते.

६ फेब्रुवारी, शनिवार

आम्हा ज्यूंना शब्बाथला, म्हणजे शनिवारी, लिहायचं नसतं, म्हणून चांदणी दिसेपर्यंत थांबले. दवाखाना बंद. उघडा असता तरी कोण येणार होतं?

दिवसभर मनातल्या मनात शेपटं जोडली. शेजारच्या गंगाबाईंना भांडणायटिस. दादाला खरेपणायटिस — हा बरा होत नाही.

८ फेब्रुवारी

जमलं! तांदळाचे व्यापारी काशीराम शेठ खोकत आले. दादा "नळ्या सु—" म्हणेपर्यंत मी पडद्याआडून जोरात खाकरले. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "ब्राँकायटिस." शेठ ताठ बसले. पायरीवर उभं राहून पुन्हा पुन्हा घोकलं, मंत्र घ्यावा तसं! मग औषधाची बाटली उंच धरून बाजारातून गेले.

९ फेब्रुवारी

बाकावर जागा नाही! भामाबाई परत. "शेठला एवरा मोठा आयटी, न मना नुसता घसा व्हय?" दादानं मुकाट्यानं फॅरिंजायटिस दिला. खूश!

१५ फेब्रुवारी

दोन म्हाताऱ्यांचं बाकावर भांडण — गॅस्ट्रायटिस मोठा की आर्थरायटिस? ज्याला नुसता ताप होता तो बिचारा कोपऱ्यात खाली मान घालून.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "मी डॉक्टर आहे की बारशाची आत्या?" मला ठसका लागला. पण मुंबईचं नाव आता काढत नाही.

१७ फेब्रुवारी

आज एक गंमत केली. दादाला सांगणार नाही.

तो व्हिजिटला गेला होता. हौसा आली, नवऱ्याला दंडाला धरून ओढत. बळीराम, मिठागरावर कामाला. "उठत नाय, कामाव जात नाय, जेवत नाय. बिडीपन नको बोलतो! ह्येला कनचा आयटी हाय?" मी त्याची जीभ पाहिली. जीभ म्हणजे जीभच दिसली! ऐटीत म्हणाले, "आळसायटिस."

वाटलं, दोघं हसतील. कुणी हसलंच नाही. बळीराम म्हणाला, "दवा?" तोंडातून निघून गेलं — "पडून राहायचं. आणि ऊस खायचा." ऊस कुठून सुचला? मीच खात होते!

२२ फेब्रुवारी

मेले.

मिठागराचा मुकादम आज दवाखान्यात उभा. बळीराम पाच दिवस घरी, आणि आता आणखी चौघांना आळसायटिस! सगळे ऊस खातायत. "डागतरसाहेब, ह्यो रोग आवरा, मीठ तसंच पडलंय!" दादा म्हणाला, "हा कुठला रोग?" आणि मग माझ्याकडे पाहिलं.

ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसती बॅग उचलली. "चल. बळीरामकडे. आत्ता."

२३ फेब्रुवारी

काल पुढचं लिहवलं नाही.

बळीराम अंगणात बाजेवर, हातात उसाचं कांडं, संस्थानिकासारखा. दादानं त्याला उन्हात तोंड करायला लावलं आणि पापणी खाली ओढली. आत हळद! पोट उजवीकडे दाबलं, तर तो कळवळला. "लघवी?" "चायवानी." दादा म्हणाला, "हिपॅटायटिस. यकृताची सूज. कावीळ."

माणूस आजारी होता आणि मी त्याला आळशी म्हटलं! मजा म्हणून!

हौसा म्हणाली, "म्हंजी त्यो आळसायटी न्हवं?"

दादानं बॅग बंद केली. मग म्हणाला, "त्याचाच भाऊ. ह्याच्यावर औषध नाही. पडून राहायचं. गोड खायचं."

हौसानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवीच! बाकीच्या चौघांचे डोळे दुधासारखे पांढरे निघाले. दादानं त्यांना तिथल्या तिथे बरं केलं आणि कामावर पाठवलं.

परत येताना बांधावर मी रडायलाच लागले. दादा म्हणाला, "चुकून बरोबर आलं. असं एकदा येतं, शुला. दुसऱ्यांदा माणूस जातो." थोडं चाललो. मग तो थांबला, "आळसायटिस!" म्हणाला आणि पोट धरून बांधावरच बसला. इतका हसताना त्याला आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

१२ मार्च

बळीराम हिंडूफिरू लागला. हौसा मासळी घेऊन आली. "आमच्या घरात तुमचंच नाव, बाय!" आता बायका दादाला सोडून मला जीभ दाखवतात. मी स्वयंपाकघरात लपते.

आज एकीचं पोर खूप फणफणलं होतं. दादा बाहेर. मी त्याला मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं पुसत बसले. नाव एकही दिलं नाही.

दादा दारात कधीपासून उभा होता, कोण जाणे.

३१ मार्च

कापड घ्यायला म्हणून दादानं मुंबईला नेलं. नेलं ते थेट नर्सिंगच्या शाळेत! पांढऱ्या टोपीतली मेट्रन. इंग्रजीत विचारलं, नर्स का व्हायचंय? दादा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता. मला बळीरामची जीभ आठवली. म्हणाले, "बिकॉज आय डू नॉट नो."

ती हसली नाही. म्हणाली, जूनमध्ये ये.