वरच्या पलंगाचा कठडा

रविवार, रात्र

अंजूरच्या फर्निचरच्या गोदामातून आणलेला मुलांचा दुमजली पलंग आज जोडला. तिथे पाहिला तेव्हा कठडा चांगला उंच वाटला होता. पण तिथे वर पातळ फोम होता. आईने नातवंडांसाठी हौसेने कापसाच्या जाड गाद्या भरून घेतल्यात. ती गादी घातली, तर कठडा जेमतेम चार बोटं उरला. वर झोपणारी ओवी रात्रभर लोळते. आधी कसं सुचलं नाही?

आईला फोमचं सुचवलं.

"तुम्ही भावंडं कापसावरच वाढलात. पडलात कधी?"

"जमिनीवर झोपलेला कुठे पडणार, आई?"

ती उठून आत गेली. उगाच बोललो का? पण कठडा चारच बोटं.

जेवणानंतर पाहिलं, तर ती वरची गादी उसवत होती.

"निम्मा कापूस काढते. काढलेल्याची तुला उशी. डोकं फार चालतंय तुझं."